‘दुखते’ म्हणजे नेमके काय होते?

(ऑकलंड येथे रविवारच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



काल शब्बाथला आपण ‘वयिश्लाख’ हा पाराशा ऐकला. आपला पिता याकोब यब्बोकच्या उतारापाशी रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजतो. त्या झुंजीत त्याच्या जांघेच्या सांध्याला इजा होते आणि सूर्य उगवतो तेव्हा तो लंगडत चाललेला असतो. त्याच रात्री त्याला इस्राएल हे नाव मिळते. या प्रसंगाची आठवण म्हणून बेने इस्राएल मांडीतील ती शीर खात नाहीत, असे तोरा सांगते. ‘बेने इस्राएल’ हे दोन शब्द तोरामध्ये प्रथम येतात ते याच ठिकाणी. त्या शिरेला ‘गीद हन्नाशे’ म्हणतात, आणि कमरेतून पायात उतरणारा मोठा मज्जातंतू असा तिचा अर्थ परंपरेने लावला आहे. म्हणजे ज्या नावाने आपला समाज ओळखला जातो, ते नाव तोरामध्ये एका मज्जातंतूच्या दुखापतीशेजारी प्रथम लिहिले गेले.

आजचा माझा विषयही मज्जातंतूच्या दुखापतीचाच आहे. कॅन्सरवर किरणोपचार घेतल्यानंतर काही रुग्णांना जी मज्जातंतूंची वेदना जडते, तिच्याविषयी मी बोलणार आहे. मी व्यवसायाने फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नव्हे. म्हणून आज कोणाचे निदान करणार नाही आणि कोणाला औषधाचे प्रमाण ठरवून देणार नाही. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार दोन गोष्टींतून आला आहे. एक म्हणजे औषधांच्या काउंटरमागे काढलेली वर्षे, आणि दुसरी म्हणजे माझ्या स्वतःच्या आईच्या बाबतीत मी केलेली चूक. ती चूक आईच्या परवानगीने सांगतो. ती समोर पहिल्या रांगेत बसली आहे. मी काही वाढवून सांगितले तर ती मला इथेच थांबवील.

आईला मुंबईत असताना डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर छाती आणि काख या भागांवर किरणोपचार झाले. आई त्यांना ‘शेक’ म्हणते. शेक संपले त्या आठवड्यात घरी एलियाहू हन्नाबींच्या नावाने मलीदा केला आणि परमेश्वराचे आभार मानले. पुढे ती आमच्याकडे न्यूझीलंडला आली. किरणोपचारांना अकरा वर्षे झाली होती, तेव्हा तिच्या डाव्या हाताचे दुखणे सुरू झाले.

मी तिला आमच्या जीपीकडे नेले. दुभाषा हवा का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, गरज नाही, मी आहे ना. आई मराठीतून जे सांगत होती त्याचे मी इंग्रजी करत होतो. ती म्हणाली, ‘आग होते.’ मी सांगितले, दुखते. ती म्हणाली, ‘मुंग्या येतात.’ मी सांगितले, दुखते. ती म्हणाली, ‘मधूनच सणक जाते रे.’ मी पुन्हा तेच सांगितले, फक्त ‘फार’ हा शब्द जोडला. डॉक्टरांनी हाती आलेल्या माहितीवर योग्य तेच केले. खांदा आखडला असावा म्हणून व्यायाम सांगितले, पॅरासिटामॉल दिले, नंतर सूज उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या. कशाचाच उपयोग झाला नाही. असे आठ महिने गेले. ज्या औषधांच्या डब्या मी रोज हाताळत होतो, त्यांतलेच एक तिला हवे होते. आणि ते तिच्यापर्यंत पोहोचले नाही, कारण तिचे शब्द मी वाटेत गाळून टाकले.

पुढच्या तपासणीच्या वेळी तेथील नर्सने मला बाहेर बसायला सांगितले आणि फोनवरून मराठी दुभाषी बाई जोडून दिल्या. वीस मिनिटांनी मला आत बोलावले तेव्हा डॉक्टरांच्या कागदावर मी कधीही न ऐकलेल्या गोष्टी होत्या. रात्री हात निखाऱ्यावर धरल्यासारखा होतो. काखेतून अंगठ्यापर्यंत करंट जातो. गाउनची बाही लागली तरी सहन होत नाही, आणि तरीही त्याच हाताची बोटे बधिर आहेत. चहाचा कप दोनदा हातातून सुटला.

घरी आल्यावर मी विचारले, ‘आई, हे मला का नाही सांगितलंस?’

ती म्हणाली, ‘अरे, छातीचं, काखेचं मुलासमोर काय बोलायचं? आणि तुला वाटलं असतं, रोग परत आला.’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘देवाचे आभार मानून मलीदा केला होता ना आपण. एकदा आभार मानले, आता तक्रार कशी करू?’

बंधुभगिनींनो, हे तिसरे कारण मला आजही बोचते. आपल्या समाजातील कितीतरी माणसे याच विचाराने गप्प बसलेली असतील, असे मला वाटते.

आता या वेदनेचे स्वरूप पाहू. किरणांच्या शास्त्राची पहिली बाराखडी ज्यांनी लिहिली, त्यांपैकी एक अर्नेस्ट रदरफर्ड. ते याच देशात, नेल्सनजवळ ब्राइटवॉटर येथे १८७१ साली जन्मले. आल्फा, बीटा, गॅमा ही किरणांची नावे त्यांनीच दिली. आज त्यांचे चित्र आपल्या शंभर डॉलरच्या नोटेवर आहे. किरणोपचारांनी असंख्य माणसे वाचली आहेत, माझी आईही वाचली. त्यांच्याविषयी भीती निर्माण करण्याचा माझा हेतू मुळीच नाही. परंतु किरण कॅन्सरच्या पेशींवर पडतात तेव्हा शेजारच्या निरोगी भागावरही थोडे पडतात. उपचार चालू असताना कातडी भाजणे, तोंड येणे, गिळताना दुखणे हे त्रास होतात आणि बहुधा काही आठवड्यांत निवळतात. मज्जातंतूंची इजा मात्र उशिरा दिसते. त्यांच्याभोवतीच्या मऊ भागाची हळूहळू घट्ट, तंतुमय वळी बनते, त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या अरुंद होतात, आणि तंतूवरचे आवरण झिजते. यास काही महिने लागतात, काही वर्षे लागतात, क्वचित दशकेही लागतात. त्यामुळे आजच्या दुखण्याचा संबंध इतक्या जुन्या उपचाराशी असेल, असे कोणाच्या मनातच येत नाही.

स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरनंतर हा त्रास खांद्यातून हातात उतरतो. गर्भाशयमुख, गुदाशय किंवा प्रोस्टेट यांवरील उपचारांनंतर तो कमरेतून पायात उतरू शकतो. घसा व मान यांवरील उपचारांनंतर तो तोंडात, जिभेत, मानेत जाणवतो. शस्त्रक्रियेत दुखावलेले तंतू आणि केमोथेरपीच्या काही औषधांनी झालेली इजा यांचीही त्यात भर पडते. पूर्वी एका वेळी किरणांची मोठी मात्रा देण्याची पद्धत होती तेव्हा हाताच्या मज्जातंतूंची इजा आजच्यापेक्षा अधिक आढळत असे. १९९१ साली ब्रिटनमध्ये अशा इजा झालेल्या स्त्रियांनी ‘रेज’ नावाची संघटना उभारली, तेव्हा कुठे त्यांच्या दुखण्याची पद्धतशीर चौकशी झाली. आजची यंत्रे आणि मात्रा पुष्कळ सुधारल्या आहेत. परंतु आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांपैकी काहींचे उपचार जुन्या काळातील आहेत, हे ध्यानात ठेवावे.

अशी वेदना सुरू झाली की पहिला प्रश्न मनात येतो तो रोग परत आल्याचा. तो प्रश्न डॉक्टरांनाही पडतो आणि पडलाच पाहिजे. सर्वसाधारणपणे किरणांच्या इजेत बधिरपणा, मुंग्या आणि अशक्तपणा आधी येतात. गाठ मज्जातंतूवर दाबत असेल तर तीव्र वेदना आधी येते. पण हा काही पक्का नियम नव्हे. त्यासाठी एमआरआय, मज्जातंतूंच्या विद्युत् तपासण्या, कधी पेट स्कॅन करावे लागतात. भीतीने तपासणी टाळू नये. आईच्या बाबतीत रोग परतलेला नव्हता, आणि ज्या भीतीपायी ती आठ महिने झोपली नाही ती एका एमआरआयने दूर झाली.

आता शब्दांकडे येतो, कारण माझ्या सांगण्याचा गाभा तोच आहे. मज्जातंतूची वेदना रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. ती प्रामुख्याने रुग्णाच्या शब्दांवरून ओळखावी लागते. २००५ साली फ्रान्समधील संशोधकांनी त्यासाठी दहा मुद्द्यांची एक छोटी प्रश्नावली तयार केली. तिचे नाव ‘डीएन फोर’. त्यांतील सात मुद्दे रुग्णाला विचारायचे असतात: आग होते का, दुखरा गारठा जाणवतो का, विजेचे झटके बसतात का, मुंग्या येतात का, सुया टोचल्यासारखे होते का, बधिर वाटते का, खाज येते का. उरलेले तीन मुद्दे डॉक्टर स्पर्श करून पाहतात: हलका स्पर्श कमी कळतो का, सुईचे टोक कमी कळते का, आणि ब्रश फिरवला तर दुखते का. दहापैकी चार उत्तरे ‘होय’ आली तर वेदना मज्जातंतूची असण्याचा संभव बराच मानतात.

आपल्या मराठीत यातील प्रत्येक संवेदनेसाठी शब्द आहे. ठणका वेगळा, कळ वेगळी, सणक वेगळी, चमक वेगळी, आग वेगळी, झिणझिण्या वेगळ्या. आपल्या आजी हे सारे भेद जाणत होत्या. आपण मात्र दवाखान्याच्या दारात ते सारे उतरवून ठेवतो आणि आत एकच शब्द घेऊन जातो. तेव्हा माझी विनंती अशी की, डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आठवडाभर एक वही ठेवा. दुखणे कोठे सुरू होते, कोठपर्यंत जाते, कशासारखे वाटते, रात्री वाढते का, कोणते काम त्यामुळे सुटले, आणि शून्य ते दहा या मापावर ते किती आहे, हे आपल्या शब्दांत मराठीत लिहा.

दुभाषा मागणे म्हणजे कोणाकडे उपकार मागणे नव्हे. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या उपचारांत झालेल्या अक्षम्य हेळसांडीची चौकशी न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी १९८७-८८ मध्ये केली. त्या चौकशीतून पुढे १९९६ साली रुग्णांच्या हक्कांची संहिता या देशात लागू झाली. आपल्याला समजेल अशा भाषेत व रीतीने संवाद होणे हा त्या संहितेतील पाचवा हक्क आहे, आणि आवश्यक व वाजवी रीतीने शक्य असेल तेथे समर्थ दुभाष्याची सोय त्यात येते. आठव्या हक्कानुसार आपले माणूस आधारासाठी सोबत बसू शकते. म्हणून मुलांनी सोबत जरूर जावे, पण आधार देणारे म्हणून जावे. दुभाषा दुसरा असू द्यावा. भेटीची तारीख मिळताच ‘मराठी दुभाषा हवा’ असे कळवावे. ‘हिंदी चालेल’ म्हणून सोडून देऊ नये.

आता औषधांविषयी. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा या वेदनेवर फारसा परिणाम होत नाही. येथे जी औषधे प्रथम वापरतात, ती मुळात दुसऱ्या कामासाठी निघाली आहेत. नॉरट्रिप्टिलीन आणि अमिट्रिप्टिलीन ही मूळची नैराश्यावरील औषधे; वेदनेसाठी ती बहुधा रात्री, लहान मात्रेत सुरू करतात. गॅबापेंटिन आणि प्रिगॅबालिन ही मूळची फेफऱ्यावरील औषधे. काउंटरवर मला वारंवार विचारले जाते, ‘डॉक्टरांना मी वेडी वाटले का?’ नाही, आजी. दुखावलेले तंतू विनाकारण संदेश पाठवत राहतात. ही औषधे त्या संदेशांचा आवाज कमी करतात. या देशात प्रिगॅबालिनला २०१८ मध्ये फार्मॅकचे अनुदान मिळाले आणि गॅबापेंटिनवरील विशेष परवानगीची अटही त्याच वर्षी उठली. त्यामुळे आता जीपीही ही औषधे लिहून देऊ शकतात.

आशा किती ठेवावी, हेही प्रामाणिकपणे सांगतो. २०१५ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त मज्जातंतूंच्या वेदनेवरील प्रयोगांचा मोठा आढावा आला. त्यातील बहुतेक रुग्ण मधुमेह, नागीण अशा कारणांचे होते. साखरेची गोळी घेऊनही काहींना बरे वाटते, ते वजा केले तर अमिट्रिप्टिलीनच्या गटातील औषधांनी साधारण चारांतील एकाची, गॅबापेंटिनने सहा-सातांतील एकाची आणि प्रिगॅबालिनने सुमारे आठांतील एकाची वेदना निम्मी झाली. घसा व मान यांवरील किरणोपचारांनंतरच्या वेदनेसाठी चीनमध्ये १२८ रुग्णांवर झालेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रिगॅबालिन घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना, तर साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना लक्षणीय आराम पडला. याचा अर्थ असा की पहिले औषध लागू पडले नाही तर खचू नये. मात्रा हळूहळू वाढवून काही आठवडे वाट पाहावी लागते, मग दुसरे औषध, मग दोहोंचा मेळ. वेदना आठावरून चारावर आली आणि झोप लागू लागली, तर तो उपचार यशस्वी झाला असे आम्ही मानतो.

या औषधांची पथ्ये पाळावी लागतात. सुरुवातीला गुंगी येते. तेव्हा गाडी चालवू नये आणि रात्री उठताना पलंगाच्या कडेला क्षणभर बसून मग उभे राहावे. अमिट्रिप्टिलीनच्या गटामुळे तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडू शकते. हृदयाचा किंवा काचबिंदूचा विकार असेल तर आधी सांगावे. मूत्रपिंड कमजोर असेल तर गॅबापेंटिन आणि प्रिगॅबालिन यांची मात्रा कमी ठेवावी लागते. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर नैराश्यावरील काही औषधे त्याच्या कार्यात अडथळा आणतात. म्हणून सर्व औषधांची यादी जवळ ठेवावी, भारतातून मागवलेली चूर्णे आणि भस्मेही त्यात लिहावी. आणि यांतील कोणतेही औषध एकदम बंद करू नये.

यावरून उपवासाचा मुद्दा येतो. योम किप्पूर, म्हणजे आपल्या आजींचा दारफाळणीचा सण. त्या दिवशी कित्येक रुग्ण कोणालाही न विचारता गोळ्या सोडतात आणि मग दोन दिवस तळमळत राहतात. तो सण येण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना आणि रब्बींना विचारावे. शब्बाथच्या औषधांविषयीही तसेच. प्राण आणि आरोग्य यांची काळजी घेणे हा आपल्या धर्माचाच आदेश आहे.

मॉर्फिनच्या नावाने आपल्याकडचे वडीलधारे दचकतात. त्यालाही इतिहास आहे. भारतात १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर मॉर्फिन मिळणे अतिशय दुष्कर झाले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. त्यामुळे मॉर्फिन म्हणजे शेवट, अशी समजूत रुजली. मज्जातंतूंच्या वेदनेत ते पहिले औषध नसतेच. पण इतर उपाय थकले तर तज्ज्ञ ते किंवा त्याच वर्गातील मेथाडोन विचारपूर्वक देतात. गॅबापेंटिनबरोबर ते घेताना गुंगी आणि श्वास यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. हॉस्पिसबद्दलही असाच गैरसमज आहे. तेथील वेदनेचे जाणकार केवळ अखेरच्या दिवसांसाठी नसतात, आणि या देशात हॉस्पिसची सेवा रुग्णाला विनामूल्य मिळते.

घरच्या उपायांत एक मोठा धोका आहे. न्यूझीलंडच्या हिवाळ्यात घरोघरी गरम पाण्याची रबरी पिशवी असते. बधिर कातडीला चटका कळत नाही. आईने एका रात्री ती पिशवी दंडाखाली घेतली. सकाळी फोड आले होते, आणि ते तिला दिसले, जाणवले नाहीत. तेव्हा बधिर भागाला शेक देऊ नका आणि किरण दिलेल्या जागेवर बाम लावून जोराने चोळू नका. फिजिओथेरपिस्टने शिकवलेली हलकी हालचाल, दुखऱ्या कातडीवर मऊ कापड रोज थोडे थोडे फिरवून तिला स्पर्शाची सवय लावणे, आणि कामे वाटून विश्रांती घेत करणे, यांचा खरा उपयोग होतो. मात्र पायांतील बळ झपाट्याने कमी होऊ लागले, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरता आली, किंवा पाठीत नवीन तीव्र वेदना सुरू झाली, तर वहीत लिहीत बसू नका. त्याच दिवशी इमर्जन्सी विभागात जा किंवा १११ ला फोन करा.

शेवटी आईच्या प्रश्नाकडे येतो: आभार मानल्यावर तक्रार करावी का? तालमुदमध्ये रब्बी योहानान यांची एक कथा आहे. ते आजारी रब्बींच्या भेटीला जात आणि विचारत, या यातना तुला प्रिय आहेत का? आजाऱ्याने नाही म्हटले, त्यातून मिळणाऱ्या पुण्याचाही मोह धरला नाही, तेव्हा योहानान यांनी हात पुढे करून त्याला उठवले. पुढे ते स्वतः आजारी पडले, आणि त्यांनीही तेच उत्तर दिल्यावर दुसऱ्या रब्बींनी येऊन त्यांना उठवले. दुसऱ्यांना उठवणाऱ्याला स्वतःला का उठता आले नाही? कारण कैद्याला स्वतःची सुटका करता येत नाही, असे आपले ज्ञानी सांगतात. ज्यांनी हे सांगितले ते श्रद्धेत कोणापेक्षाही कमी नव्हते. तरी वेदना नको, असे म्हणायला ते लाजले नाहीत. आजाऱ्याच्या भेटीचे, बिक्कुर होलीमचे, पुण्य आपण सारेच जोडतो. यापुढे भेटीला जाल तेव्हा ‘आता बरं आहे ना?’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘हो’ हेच द्यावे लागते. त्याऐवजी विचारा, ‘नेमकं काय होतं?’ आणि उत्तर पुरे होईपर्यंत बसा.

आईची वेदना गेलेली नाही. ती आठावरून तीन-चारावर आली आहे. तिची बोटे अजून बधिर आहेत. विळीवर नारळ खोवताना तो डाव्या हातात धरवत नाही. गेल्या महिन्यात आमच्या घरी मलीदा झाला तेव्हा नारळ नातवाने खोवला, पोहे आणि गूळ आईने उजव्या हाताने कालवले. याकोबही त्या रात्रीनंतर लंगडतच पुढे गेला, आणि त्याला मिळालेला आशीर्वाद त्यामुळे उणा झाला नाही.

आपल्यातील सर्व आजाऱ्यांना परमेश्वर रेफुआ शेलेमा देवो. आमेन.